गुठळी निघाली, तरी मेंदूला सूज का? स्ट्रोकनंतरच्या रक्तवाहिन्या आणि दाह

अनवट

इस्केमिक स्ट्रोकबद्दल (गुठळीने मेंदूची रक्तवाहिनी बंद होऊन येणारा झटका) बोलताना आपलं सगळं बोलणं गुठळीपाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं. गुठळी विरघळवली किंवा जाळीने ओढून काढली, अँजिओत वाहिनी मोकळी दिसली, की नातेवाईक सुटकेचा श्वास टाकतात. मग तिसऱ्या दिवशी पेशंट गुंगीत जातो, सीटी स्कॅनमध्ये सूज दिसते आणि सगळे विचारतात, "रक्त तर सुरू झालं होतं ना?"

२०१५ च्या पाच मोठ्या चाचण्यांचे एकत्र आकडे पाहा. गुठळी काढलेल्या ७१ टक्के पेशंटांत वाहिनी चांगली उघडली, पण ९० दिवसांनी स्वतःचं स्वतः करू शकणारे ४६ टक्केच. (नुसत्या औषधांवर २६.५ टक्के, म्हणजे उपाय जबरदस्त आहे, त्याबद्दल वाद नाही.) मधली ही तफावत कुठे जाते?

माझं मत: वाहिनीला आपण नळ समजतो, ती जिवंत ऊती आहे हे विसरतो. तीन गोष्टींवर चर्चा हवी आहे. मोठी वाहिनी उघडूनही केशवाहिन्यांत रक्त का पोचत नाही? दाह हा शत्रू की मदतनीस? आणि पहिल्या ७२ तासांत खाटेशेजारी नेमकं काय करण्यासारखं असतं?

केशवाहिनी

पहिल्या प्रश्नापासून धरू. याला 'नो-रिफ्लो' म्हणतात आणि गोष्ट जुनी आहे, १९६८ मध्ये सशांच्या मेंदूत दाखवलेली. रक्तपुरवठा काही मिनिटं तोडून पुन्हा सुरू केला, तरी मेंदूचे काही ठिपके कोरडेच राहिले.

कारणं तीन-चार आहेत आणि ती एकाच वेळी घडतात. केशवाहिनीचा व्यास ५ ते ८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तांबडी पेशी ७-८ मायक्रॉनची, पण लवचीक, दुमडून निघून जाते. न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) कडक, त्याला वाकायला वेळ लागतो. तो अडकला की मागे रांग लागते. त्यात फायब्रिन (गुठळीचे धागे) आणि प्लेटलेटच्या बारीक गुठळ्या. शिवाय बाहेरून ॲस्ट्रोसाइट या मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींचे पाय फुगून वाहिनी दाबतात.

आणि चौथं, पेरिसाइट. ही पेशी केशवाहिनीला मिठी मारून बसलेली असते. ऑक्सिजन तुटला की तिच्यात कॅल्शियम भरतं, ती आवळते, आणि बऱ्याचदा त्याच आवळलेल्या अवस्थेत मरते. २००९ साली उंदरांत दिसलं की मोठी वाहिनी उघडल्यावरही ही मिठी सुटत नाही. २०१४ मध्ये मरणाऱ्या पेरिसाइटचं हे ताठरणं आणखी स्पष्ट दाखवलं गेलं. अँजिओत यातलं काहीच दिसत नाही, कारण केशवाहिनी इतकी बारीक की तिथे चित्रच उमटत नाही.

गवतफूल

मेंदूतल्या पेशींना पाय असतात हे आजच कळलं! ॲस्ट्रोसाइट चालतात का त्या पायांवर?

केशवाहिनी

@गवतफूल, नाही हो, उभ्याच असतात. :) पायाच्या टोकाने वाहिनीला जवळजवळ पूर्ण वेढून टाकतात. त्या टोकांवर ॲक्वापोरिन-४ नावाची पाण्याची दारं असतात. सुजेचा विषय निघेल तेव्हा ती पुन्हा येतील.

शब्दवेल्हाळ

पुढे जाण्याआधी एक खुंटी हलवून घट्ट करू या. मराठीत 'सूज' हा शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींना वापरतो आणि निम्मा गोंधळ तिथूनच होतो.

एक, पाणी साठून ऊती फुगणे. दुसरी, रोगप्रतिकारक पेशी आणि त्यांची रसायनं जमून होणारी प्रतिक्रिया. घोटा मुरगळला की दोन्ही एकदमच येतात, म्हणून रोजच्या बोलण्यात फरक पडत नाही. मेंदूत पडतो. डॉक्टर "सूज आहे" म्हणतात तेव्हा त्यांना पहिली अभिप्रेत असते. नातेवाईक "सूज कमी करायचं इंजेक्शन द्या" म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात दुसरी असते, म्हणजे स्टेरॉइड. या धाग्यापुरतं पाण्याला 'सूज' आणि पेशींच्या प्रतिक्रियेला 'दाह' म्हणू या का?

अनवट

+१. शीर्षकातही तोच भेद पाळतो.

रात्रपाळी

शब्दवेल्हाळ यांनी फार नेमकं बोट ठेवलंय. स्टेरॉइडचा आग्रह होतो तो यामुळेच. मेंदूतल्या ट्यूमरभोवतीच्या सुजेत डेक्सामेथासोन छान चालतं, मग इथे का नाही?

कारण सुजेचा प्रकार वेगळा. स्ट्रोकमध्ये पहिल्या काही मिनिटांत ऊर्जा संपते, सोडियम बाहेर फेकणारा पंप बंद पडतो, सोडियम आणि त्यामागे पाणी पेशीच्या आत शिरतं. पेशी स्वतः फुगते. वाहिनीतून गळती अजून सुरूही झालेली नसते. स्टेरॉइड हा पंप चालू करू शकत नाही. मात्र रक्तातली साखर वाढवतं, संसर्गाची वाट मोकळी करतं. पुढे काही तासांत वाहिनीच्या भिंतीतून क्षार झिरपतात, मग प्रथिनंही बाहेर येतात आणि त्यांच्यामागे पाणी. ही सूज साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी कळसाला पोचते.

सूक्ष्मदर्शी

भिंतीबद्दल थोडं जवळून लिहितो, कारण 'रक्त-मेंदू अडसर' (रक्तातलं हवं तेवढंच मेंदूत जाऊ देणारी वाहिनीची भिंत) 'फुटला' असं म्हटलं की काच फुटल्यासारखं वाटतं. तसं होत नाही.

वाहिनीच्या आतल्या बाजूला एंडोथेलियल पेशींचं एकच अस्तर असतं. शेजारच्या दोन पेशींमधली फट क्लॉडिन-५, ऑक्लुडिन यांसारखी प्रथिनं शिवून टाकतात. उंदरांतल्या निरीक्षणांप्रमाणे पहिल्या सहाएक तासांत ही शिवण बऱ्यापैकी शाबूत असते. गळती होते ती पेशीच्या पोटातून, बारीक पिशव्या अलीकडचं पलीकडे नेऊन ओततात. शिवण उसवते ती नंतर, २४ ते ४८ तासांत.

उसवणारी कात्री म्हणजे एमएमपी-९ हे विकर (एन्झाइम). ते शिवणीची प्रथिनं कापतंच, शिवाय अस्तराखालचा कोलॅजेन-४ आणि लॅमिनिनचा थरही खातं. न्यूट्रोफिल ते तयार स्वरूपात आपल्या कणांत घेऊन फिरतो, त्याला नव्याने बनवावं लागत नाही. शिवण गेली तर सूज, खालचा थरही गेला तर रक्तस्राव.

आता अस्तर न्यूट्रोफिलला बोलावतं कसं ते बघा. एंडोथेलियल पेशीत काडीच्या आकाराच्या कुप्या असतात, त्यांत पी-सिलेक्टिन आणि व्हॉन विलब्रांड घटक ही चिकटवणारी प्रथिनं भरून ठेवलेली. धक्का बसताच काही मिनिटांत कुप्या पृष्ठभागाशी येऊन फुटतात. पी-सिलेक्टिनमुळे न्यूट्रोफिलचा वेग मंदावतो, तो भिंतीवर गडगडत जातो. आयकॅम-१ हे दुसरं चिकटवणारं प्रथिन मात्र नव्याने बनवावं लागतं, त्याला तास लागतात. ते आलं की न्यूट्रोफिल घट्ट चिकटतो आणि आत घुसतो. मेंदूत त्यांची गर्दी साधारण पहिल्या ते तिसऱ्या दिवसात सर्वाधिक.

त्याच वेळी निरोगी अस्तर जे नायट्रिक ऑक्साइड सतत सोडत असतं ते आटतं. ते वाहिनी सैल ठेवायचं, प्लेटलेटना चिकटू द्यायचं नाही. म्हणजे ज्या दिवशी सर्वात जास्त गरज, त्याच दिवशी ते नसतं.

तळटीप

सूक्ष्मदर्शी, सुंदर. पण यावरून जो मोह होतो त्यापासून सावध करायला हवं. "न्यूट्रोफिल वाईट, आयकॅम-१ अडवा, काम फत्ते." नेमकं हेच करून पाहिलं आहे. एन्लिमोमॅब नावाचं आयकॅम-१ विरोधी प्रतिपिंड (अँटीबॉडी) माणसांना दिलं, निकाल २००१ मध्ये आला. औषध घेतलेल्यांची अवस्था बिनऔषधवाल्यांपेक्षा वाईट झाली, तापही जास्त. ते प्रतिपिंड उंदराचं होतं, शरीराने त्यालाच परका मानून नवा दाह उभा केला.

यादी तिथे संपत नाही. नॅटालिझुमॅब, मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये उपयोगी, स्ट्रोकमध्ये दोनदा तपासलं, फायदा नाही. इंटरल्युकिन-१ हे दाह पेटवणारं रसायन अडवणारं अनाकिन्रा २०१८ च्या चाचणीत रक्तातले दाहाचे निर्देशांक खाली आणू शकलं, पण पेशंटची अवस्था त्याने सुधारली असं दिसलं नाही. दाह हा कारण आहे की नुसता साक्षीदार, हा प्रश्न उघडाच राहतो.

केशवाहिनी

@तळटीप, 'साक्षीदार' शब्दावर माझा आक्षेप आहे. औषध चुकीच्या वेळी, चुकीच्या पेशंटला दिलं म्हणून ते हरलं, तर दाह निर्दोष ठरत नाही. त्या काळातल्या बहुतेक चाचण्यांमध्ये वाहिनी उघडलीच आहे याची खात्री नव्हती. वाहिनी बंद असेल तर औषध जखमेपर्यंत पोचणार कसं?

आणि प्रयोगशाळेतला उंदीर तरुण, निरोगी, बहुधा नर. ना रक्तदाब, ना मधुमेह. त्याची वाहिनी ठरल्या वेळी धागा टाकून बंद करतात, ठरल्या वेळी धागा ओढून उघडतात. स्ट्रोकच्या पेशंटचं अस्तर वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने आधीच थकलेलं असतं.

तळटीप

आक्षेप निम्मा मान्य. वेळेचा मुद्दा तर पूर्ण मान्य, आणि त्यावरच अनवट यांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. तोच रेणू पहिल्या दिवशी घातक आणि आठव्या दिवशी गरजेचा असतो.

एमएमपी-९ घ्या. सुरुवातीला अडवलं तर उंदरांत इजा कमी. सातव्या दिवशी अडवलं तर नव्या वाहिन्या नीट फुटत नाहीत आणि अवस्था बिघडते. व्हीईजीएफचंही (नव्या वाहिन्या फुटायला लावणारं प्रथिन) तसंच. लवकर दिलं तर गळती वाढते, ४८ तासांनंतर दिलं तर नवीन केशवाहिन्यांना चालना. मायक्रोग्लिया (मेंदूतल्याच सफाई पेशी) आणि रक्तातून आलेले मोनोसाइट (पांढऱ्या पेशींचा आणखी एक प्रकार) मेलेल्या पेशींचा ढिगारा उपसतात. तो उपसल्याशिवाय दुरुस्ती कशी सुरू होणार? त्यामुळे 'दाह दाबा' हे वाक्य तारीख आणि वेळ लिहिल्याशिवाय अपुरं आहे.

गवतफूल

मग गुठळी विरघळवणारं औषध देण्यात साडेचार तासांची मर्यादा आहे ती यामुळेच का? भिंत कच्ची होते म्हणून?

रात्रपाळी

@गवतफूल, बरोबर दिशेने जाताय. दोन घड्याळं एकाच वेळी चालतात. एक, वाचवण्याजोगी ऊती संपत जाते. मेंदूला दर १०० ग्रॅममागे मिनिटाला साधारण ५० मिली रक्त लागतं. २० च्या खाली गेलं की पेशी गप्प होतात पण जिवंत असतात, १० च्या खाली मरतात. दुसरं घड्याळ भिंतीचं. उशिरा रक्त सोडलं तर ते कच्च्या भिंतीवर आदळतं. १९९५ च्या मूळ चाचणीत तीन तासांच्या आत औषध देऊनही लक्षणं बिघडवणारा रक्तस्राव ६.४ टक्के, न दिलेल्यांत ०.६ टक्के. तरीही एकूण फायदा औषधाच्याच बाजूने होता, म्हणून ते देतात. २००८ मध्ये मर्यादा साडेचार तासांवर गेली.

मात्रा: अल्टेप्लेज किलोमागे ०.९ मिग्रॅ, कमाल ९० मिग्रॅ. त्यातलं १० टक्के एका मिनिटात, उरलेलं तासाभरात. टेनेक्टेप्लेज किलोमागे ०.२५ मिग्रॅ, कमाल २५, एकाच झटक्यात. वजन अंदाजाने लिहिणं ही नेहमीची चूक. वजनकाटा असलेली खाट हवी. अल्टेप्लेजची नळी संपताना तिच्यात राहिलेलं औषधही सलाइनने आत ढकलावं लागतं, नाहीतर मात्रा कमी पडते.

गुठळी ओढून काढण्याची वेळ मात्र निवडक पेशंटांत २४ तासांपर्यंत जाते, स्कॅनमध्ये वाचवण्याजोगा भाग उरलेला दिसला तर. म्हणजे घड्याळापेक्षा ऊती बघून निर्णय.

अनवट

आता तिसऱ्या प्रश्नाकडे येऊ. भिंत कच्ची, पेरिसाइट आवळलेले, न्यूट्रोफिल आत शिरतायत. थेट दाहावर चालणारं खात्रीचं औषध हातात नाही. मग पहिले ७२ तास करायचं काय?

रात्रपाळी

हे सविस्तर लिहिते, कारण 'साधी शुश्रूषा' म्हणून हे सगळं दुर्लक्षिलं जातं.

रक्तदाब. इजा झालेल्या भागात वाहिन्यांचं स्वयंनियमन गेलेलं असतं, म्हणजे दंडावर मोजलेला रक्तदाब जसा, तसा तिथला प्रवाह. गुठळी विरघळवायची असेल तर आधी १८५/११० च्या खाली आणायचा, नंतर २४ तास १८०/१०५ च्या खाली ठेवायचा. औषध दिलंच नसेल आणि वाहिनीही उघडली नसेल तर २२०/१२० पर्यंत बहुधा हात लावत नाहीत, कारण बाजूच्या वाटांनी येणारं रक्त त्या दाबावरच तगून असतं. आणि गुठळी काढल्यावर "आता वाहिनी उघडली, दाब खूप खाली ठेवू" हा विचार पटण्यासारखा वाटतो, पण २०२२ मध्ये वरचा आकडा १२० च्या खाली नेऊन पाहिला तेव्हा पेशंटची अवस्था बिघडली. केशवाहिनीताईंचा नो-रिफ्लो आठवा: आवळलेल्या केशवाहिनीतून रक्त ढकलायला दाब लागतो.

साखर. जास्त साखरेने अस्तराचं नुकसान आणि रक्तस्राव दोन्ही वाढतात. १४० ते १८० मिग्रॅ/डेसिलिटरमध्ये ठेवायची. त्याहून कडक, ८० ते १३०, ठेवून २०१९ मध्ये फायदा मिळाला नाही, उलट साखर फार खाली जाण्याचे प्रसंग वाढले.

ताप. दर चार तासांनी तापमान, ३७.५ सेल्सियस किंवा वर गेलं की पॅरासिटामॉल. ३९ ची वाट बघायची नाही.

गिळणं. तोंडातून पाणी, गोळी, चहा काहीही देण्याआधी चाचणी. पेशंट जागा हवा, पाठ ताठ. आधी चमच्याने, मग पेल्याने. खोकला किंवा घोगरा ओला आवाज आला तर थांबायचं. नुसता खोकला आला नाही म्हणून पास असं धरायचं नाही, काहींची खोकल्याची जाणीवच गेलेली असते, म्हणून आवाज ऐकायचा.

सलाइन. ०.९ टक्के. डेक्स्ट्रोज ५ टक्के नको. त्यातली साखर शरीर वापरतं आणि उरतं निव्वळ पाणी, ते थेट सुजलेल्या मेंदूकडे जातं.

तळटीप

रात्रपाळी यांच्या 'दुर्लक्षिलं जातं' याला आकडा जोडतो. ऑस्ट्रेलियात ताप, साखर आणि गिळणं या तिन्हींची शिस्त नर्सच्या हाती देऊन १९ स्ट्रोक विभागांत तुलना केली, निकाल २०११. ९० दिवसांनी मृत किंवा परावलंबी असलेले: शिस्त पाळली तिथे ४२ टक्के, नव्हती तिथे ५८ टक्के. दाहावरच्या किती महागड्या रेणूंना असा फरक दाखवता आला?

सूक्ष्मदर्शी

गिळण्याला इतकं महत्त्व का, याचं आणखी एक कारण. मेंदूत दाह पेटलेला असताना उरलेल्या शरीरात प्रतिकारशक्ती मंदावते. सिंपथेटिक मज्जासंस्था आणि कॉर्टिसॉल (ताणाचं संप्रेरक) यांच्या जोरावर रक्तातल्या लिंफोसाइट (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) घटतात, प्लीहा आकसते. अशात थोडीशी लाळ फुप्फुसात गेली तरी न्यूमोनिया. म्हणूनही सरसकट दाह दाबणारं औषध धोक्याचं.

गवतफूल

मग सगळ्यांना आधीच अँटिबायोटिक का देत नाहीत?

तळटीप

@गवतफूल, देऊन पाहिलं. २०१५, सेफ्ट्रियाक्सोन रोज २ ग्रॅम, चार दिवस. लघवीचा संसर्ग कमी झाला, पण तीन महिन्यांनंतरची अवस्था तीच. संसर्ग दिसला तर लगेच द्यायचं, आधीच नाही.

पाऊलवाट

फिजिओच्या बाजूने एक भर. "लवकर उठवा, रक्ताभिसरण सुधारेल" हा आग्रह चांगल्या मनाने होतो, पण पहिल्या २४ तासांत वारंवार आणि जास्त वेळ उठवण्याची मोठी चाचणी झाली (२०१५), त्यात चांगला निकाल ४६ टक्के, नेहमीच्या पद्धतीत ५० टक्के. स्वयंनियमन गेलेल्या मेंदूला बसतं-उभं करताना दाब पडतो, हे एक संभाव्य कारण. पहिल्या दिवशी कूस बदलणं, सांधे हलवणं, लुळा खांदा उशीवर नीट ठेवणं. त्या हाताला धरून ओढू नये, खांदा निखळतो. दुसऱ्या दिवसापासून थोडं थोडं, अनेकदा. आणि पहिल्यांदा बसवताना रक्तदाब मोजत.

शब्दवेल्हाळ

सुजेचं पुढे काय? मॅनिटॉलचं नाव सगळे ऐकून असतात.

रात्रपाळी

मॅनिटॉल हा पूल आहे, मुक्काम नव्हे. ते पाणी ओढतं ते मुख्यतः शाबूत भिंत असलेल्या, म्हणजे निरोगी भागातून. फुटक्या भिंतीतून ते स्वतःच आत झिरपतं. शस्त्रक्रियेपर्यंत वेळ मिळवायला उपयोगी.

मधल्या मोठ्या वाहिनीच्या पूर्ण क्षेत्राला इजा असेल, वय ६० पर्यंत असेल, तर ४८ तासांच्या आत कवटीचा मोठा तुकडा, निदान १२ सेंटिमीटर व्यासाचा, काढून मेंदूला फुगायला जागा देतात. २००७ च्या एकत्रित निकालात वर्षभराने जिवंत असलेले २९ टक्क्यांवरून ७८ टक्क्यांवर गेले. मात्र वाचलेल्यांपैकी काहींना मोठं अपंगत्व राहतं, हे नातेवाइकांशी आधी, शांतपणे बोलायला हवं. पेशंट बेशुद्ध झाल्यावर घाईत नाही.

खाटेशेजारच्यांनी बघायचं ते हे: बाहुली मोठी होणं ही उशिराची खूण. आधी येते ती झोप. काल हाकेला डोळे उघडणारा आज हलवल्यावर उघडतो. "बरं झालं, झोप लागली" म्हणून सोडून देऊ नका, लगेच नर्सला सांगा. लहान मेंदूचा स्ट्रोक असेल तर आणखी सावध. तिथे जागा इतकी कमी की मेंदूतल्या द्रवाची वाट दाबली जाऊन काही तासांत बिघडतं.

केशवाहिनी

ॲक्वापोरिनचं देणं राहिलं होतं, ते फेडते. २०२० मध्ये उंदरांत दिसलं की पहिल्या काही मिनिटांतलं सुजेचं पाणी रक्तातून नाही, मेंदूभोवतीच्या द्रवातून येतं. विद्युत लाट पसरते, वाहिन्या आकसतात, त्यांच्याभोवतीची फट रुंदावते आणि द्रव आत ओढला जातो. पाणी ज्या वाटांनी आत येतं त्यांवर ॲस्ट्रोसाइटचे तेच पाय उभे असतात.

अनवट

आणि पेरिसाइटची मिठी सोडवण्यावर माणसांत काही?

केशवाहिनी

सरळ पेरिसाइटवर चालणारं खात्रीचं काही नाही. जवळची गोष्ट म्हणजे गुठळी यशस्वीपणे काढल्यावर त्याच नळीतून थोडं अल्टेप्लेज सोडणं, म्हणजे केशवाहिन्यांतल्या बारीक गुठळ्या विरघळाव्यात. २०२२ च्या एका लहान चाचणीत जवळपास पूर्ण बरे झालेले ५९ टक्के, न दिलेल्यांत ४०.४ टक्के. पण ती मध्येच थांबवावी लागली होती, त्यामुळे तिच्यावर फार भार टाकू नये. मला त्यातला विचार महत्त्वाचा वाटतो: मोठी वाहिनी उघडल्यावर काम संपलं असं न मानता पुढच्या ५ मायक्रॉनकडे बघायला लागलेत.

गवतफूल

एक शेवटचं. सुट्टी होऊन घरी गेल्यावर अस्तरासाठी काय?

तळटीप

@गवतफूल, रक्तदाब पहिल्या क्रमांकावर, आणि तो घरी मोजून लिहून ठेवायचा: पाच मिनिटं बसून, हात हृदयाच्या पातळीवर, दंडाला बसणाऱ्या मापाचा पट्टा. स्टॅटिन एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) कमी करतंच, अस्तराचं नायट्रिक ऑक्साइडही सुधारतं. वाहिनीत चरबीचे थर असतील तर एलडीएल ७० मिग्रॅ/डेसिलिटरच्या खाली ठेवतात. सौम्य स्ट्रोकनंतर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही साधारण २१ दिवस, मग त्यातलं एकच. दोन्ही महिनोन्महिने चालू राहिली तर रक्तस्रावाचा धोका वाढत जातो आणि फायदा वाढत नाही. डिस्चार्ज कार्डावर दुसरी गोळी थांबवायची तारीख लिहिलेली नसेल तर निघण्याआधी विचारून लिहून घ्या.

रात्रपाळी

आणि हृदयाची लय अनियमित असल्याने गुठळी झाली असेल तर हा हिशेब लागू नाही, तिथे रक्त पातळ करणारी वेगळी औषधं. ती कोणत्या दिवशी सुरू करायची हे इजा केवढी आणि दुसऱ्या स्कॅनमध्ये रक्त दिसतं का यावर ठरतं. मोठी इजा असेल तर थांबतात, का ते सूक्ष्मदर्शींनी वर लिहिलंच आहे: अस्तराखालचा थर अजून भरून आलेला नसतो.